कुणी आहे का?

बसा. जमिनीवरच बसा, भिंतीला टेकून.

राउटर अजून खोक्यातच असू द्या. नेट थोडं उशिरा आलं म्हणून काही बिघडत नाही.

आधी खोली ऐका.

पंखा फिरतोय. बाहेर अजिंठ्याच्या रस्त्याने एक गाडी चाललीय, हिरव्या मिरचीच्या पोत्यांनी भरलेली. हंगामात सिल्लोडच्या संध्याकाळी अशा गाड्यांचा आवाज सारखा कानावर असतो. आवाज लांब जातो. वास मागे राहतो. हिरवा, ओला, नाकाच्या शेंड्याला किंचित झोंबणारा.

तो वास आत येऊ द्या.

श्वास सोडा.

पुन्हा एकदा. आत. बाहेर.

आता वर पाहा, खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्याकडे. तिथे भिंतीला भोक आहे. नेटवाल्याने ड्रिल मारलं तेव्हा पडलेला विटेचा लाल भुगा अजून फरशीच्या सांध्यात असेल. त्या भोकातून एक काळी, चपटी वायर आत आलीय.

तिला हात लावू नका. नुसतं पाहा.

ती भिंतीवरून खाली येते. क्लिपांमध्ये अडकत, वळणावर जरा सैल होत. सैल सोडलीय ते बरं झालं. काटकोनात मुडपली तर ती आतून मोडते, आणि बाहेरून काही दिसत नाही.

आत तांबं नाही. आत काच आहे.

इथे थांबू या.

काच.

खिडकीच्या तावदानाची कड दिसतेय का? समोरून काच स्वच्छ आहे. कडेने पाहिली की हिरवट. तो हिरवेपणा लोखंडाचा, वाळूसोबत आलेला. उजेड त्या हिरव्यात शिरतो आणि तिथेच विरतो.

१९६६ मध्ये इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत चार्ल्स काओ हेच पाहत होते. उजेड अडतो तो काचेपायी नाही, काचेतल्या मळापायी, असं त्यांनी मांडलं. मळ काढला तर काच उजेडाला मैलोन्‌मैल वाट देईल. त्यासाठी नोबेल मिळालं २००९ मध्ये. त्रेचाळीस वर्षांनी.

तुमच्या भिंतीवरच्या काचेतून उजेड एक किलोमीटर गेला, तरी शंभरातला नव्वदहून जास्त शिल्लक असतो.

तावदानाच्या कडेकडे पुन्हा एकदा पाहा. मग वायरीकडे.

हा काचेचा तंतू आपल्याच जिल्ह्यात तयार होतो. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि शेंद्रा इथल्या औद्योगिक वसाहतींत, स्टरलाइट टेक्नॉलॉजीजच्या कारखान्यांत. वाळूजवरून माणसं रोज जातात, कंपन्यांच्या पाट्या वाचतात, पुढे जातात.

डोळे मिटायचे असतील तर आता मिटा.

एक उंच मनोरा पाहा. वर, माथ्याशी, शुद्ध काचेचा एक जाड दांडा उभा टांगलेला आहे. त्याचं खालचं टोक भट्टीत आहे. उष्णता दोन हजार अंशांच्या आसपास.

टोक लाल होतं. मऊ होतं.

एक थेंब ओथंबतो.

थेंब लोंबकळतो. सुटू की नको असं करत राहतो. मग स्वतःच्याच वजनाने खाली निघतो, आणि जाताना आपल्यामागे एक तंतू ओढत नेतो.

पाहत राहा. थेंब खाली चाललाय. तंतू लांबतोय. थेंब कापून टाकतात, तंतू ठेवतात.

तंतूची जाडी १२५ मायक्रॉन. त्याच्या मधोमध गाभा, ज्यातून उजेड जातो, तो नऊ मायक्रॉनच्या आसपास. डोक्यावरचा एक केस बोटांत धरा. हा केस त्या गाभ्यापेक्षा कितीतरी जाड आहे.

केस बोटांत फिरवा. जाणवतोय, नाही जाणवत.

श्वास हलकेच घ्या, केस उडेल.

डोळे उघडा.

काचेत आत्ता उजेड आहे. या क्षणीही आहे. तो दिसणार नाही. आपल्याकडे येणाऱ्या उजेडाची तरंगलांबी १४९० नॅनोमीटर, जाणाऱ्याची १३१०. आपले डोळे साडेसातशेच्या आतच थकतात. खोलीतून उजेड वाहतोय आणि खोलीला पत्ता नाही.

म्हणून एक गोष्ट एवढ्या शांततेतही ठणकावून सांगतो: वायरीचं टोक डोळ्यासमोर धरून आत बघू नका. दिसणार काही नाही, इजा मात्र होऊ शकते.

इथून चाळीसेक किलोमीटरवर अजिंठा आहे. लेणीच्या आतल्या काळोखात चित्रं दाखवायची एक जुनी रीत होती. दाराशी आरसा धरायचा, ऊन वळवायचं, आत पांढऱ्या कापडावर घ्यायचं. कापडावरून ते मऊ होऊन भिंतीवर जायचं आणि पद्मपाणी अंधारातून वर यायचा. उजेडाला वळण देऊन आत न्यायची कला इथल्या डोंगराला नवी नाही.

वायरीतही तेच चालतं. उजेड काचेच्या कडेला जातो, कड त्याला परत आत वळवते. पुन्हा कड. पुन्हा आत. गल्लीच्या वळणांवर, गच्चीच्या कठड्यावर, पाण्याच्या टाकीला वळसा घालताना. कुठेही बाहेर सांडत नाही.

त्या वायरीबरोबर मनाने बाहेर चला.

भोकातून बाहेर. गच्चीवर. कठड्यावर वाळत घातलेल्या लुगड्याखालून. मग हवेत, दोन घरांच्या मधून. मग खांबावर.

खांबावर एक छोटा डबा आहे. तुम्ही तो कधी पाहिला नसेल. खांबावरच्या डब्यांकडे कोण पाहतं. त्यात काचेचाच एक सांधा आहे. एका तंतूतून आलेला उजेड तिथे फाटे फुटून आठ, सोळा, बत्तीस घरांकडे जातो.

त्या डब्यात वीज नाही. बटण नाही, पंखा नाही, दिवा नाही. सिल्लोडची लाईट गेली तरी तो डबा बंद पडत नाही, कारण तिथे चालू असं काही नव्हतंच.

त्याच्यापाशी जरा रेंगाळा.

येणारा उजेड सगळ्या घरांना सारखाच जातो. शेजारच्यांच्या घरातल्या सिनेमाचा उजेडही तुमच्या भिंतीपर्यंत येतो. तुमच्या घरातला डबा त्यातलं आपलं तेवढं घेतो. दुसऱ्यांचं कुलूपबंद असतं, त्याला ते उघडता येत नाही.

जाणाऱ्या उजेडाची गोष्ट निराळी.

काच एक, घरं बत्तीस. सगळे एकदम बोलले तर पलीकडे नुसता कालवा. म्हणून पाळी लावलेली असते. शेतात मोटारीला लाईटची पाळी असते, या आठवड्यात दिवसा, पुढच्या आठवड्यात रात्री, आणि ज्याची पाळी तो विहिरीवर; तसं. फरक इतकाच की इथे सेकंदाचे आठ हजार तुकडे पाडतात आणि एकेका तुकड्यात घरांच्या पाळ्या बसवतात. आणि रात्री दोनला बॅटरी घेऊन बांधावर जावं लागत नाही.

तुमच्या घराचा उजेड क्षणभर लागतो. विझतो. थांबतो. पुन्हा लागतो.

पलीकडच्या टोकाला, दूरसंचारच्या खोलीत, एक यंत्र प्रत्येक घर किती लांब आहे ते मोजतं. वीस किलोमीटरपर्यंतची घरं त्याला जोडता येतात. जवळचं घर लवकर पोचेल, लांबचं उशिरा. म्हणून जवळच्या घराला ते सांगतं: तू थोडा दम धर.

जवळचं घर दम धरतं.

लांबचं घर येऊन पोचतं.

हे सेकंदाच्या कितव्या भागात चालतं याचा हिशोब सोडून द्या. फक्त एवढं मनात ठेवा की आत्ता, या गल्लीत, कुठलं तरी घर दुसऱ्या घरासाठी थांबलंय.

श्वास आत घ्या.

थोडा धरा.

सोडा.

आता खोकं उघडा.

थर्माकोलचा चर्र आवाज होईल. होऊ द्या. राउटर बाहेर काढा. तळहातावर ठेवा. हलका आहे. नव्या प्लास्टिकचा वास येतोय. त्याला उलटा करा.

पोटावर एक स्टिकर आहे, मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं. चष्मा लावा. वाचायची घाई करू नका, अक्षरं डोळ्यांपाशी येऊ द्या. एक पत्ता असेल, १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. एक नाव, एक पासवर्ड. आणि मॅक म्हणून बारा अंक-अक्षरांची एक ओळ, कारखान्यात जन्मतःच त्याला मिळालेली.

ती बारा अक्षरं एकदा सावकाश वाचा. मोठ्याने वाचली तरी चालेल. घरातले विचारतील काय चाललंय. त्यांना सांगा, नेट जोडतोय.

भिंतीवरच्या वायरीचं टोक नेटवाल्याने एका छोट्या डब्यात खोचून ठेवलंय. टोकाला हिरवी पिन. त्या पिनीच्या आत काच आठ अंशांनी तिरपी घासलेली असते, परतणारा उजेड आल्या वाटेने मागे जाऊ नये म्हणून. तिला राहू द्या तिथेच.

डब्यावरचे दिवे पाहा. पॉन हिरवा आणि स्थिर असेल तर काच शाबूत आहे. लॉस नावाचा दिवा लाल होऊन उघडमीट करत असेल, तर पुढचं काहीच करू नका; कुठे तरी तंतू तुटलाय. रस्त्याचं काम निघालं की जेसीबीच्या एका दातात गावाचं नेट जातं, आणि अजिंठ्याच्या रस्त्याचं काम किती रेंगाळलं हे सिल्लोडच्या माणसाला मी काय सांगू. फोन करा. नेट आज नाही, उद्या.

दिवा हिरवा आहे असं धरू.

लॅनची केबल घ्या. एक टोक डब्यात. दुसरं टोक राउटरला, मागे ज्या भोकाचा रंग बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे त्यात.

टक्‌.

हा आवाज ऐकलात? पुन्हा ऐकायचा असेल तर काढा आणि पुन्हा लावा. कुणी रागावणार नाही.

टक्‌.

आता बटण दाबा. राउटरवर दिवे लागतात, जातात, पुन्हा लागतात. त्याला जाग यायला मिनिटभर लागतं. ते मिनिट त्याला द्या. मोबाईल हातात घेऊ नका. हात मांडीवर असू द्या, तळवे वर.

दिवे शांत होतात.

आता मोबाईल घ्या, राउटरच्या वायफायला जोडा, आणि स्टिकरवरचा पत्ता लिहा.

एक नऊ दोन. टिंब.

एक सहा आठ. टिंब.

एक. टिंब. एक.

मार्च १९९४ मध्ये इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांनी काही आकडे वेगळे काढून ठेवले. हे घरात वापरा, बाहेर नेऊ नका, असं ठरलं. हा त्यातलाच आकडा. गोळेगावच्या दुकानात हाच आहे. घाटनांद्र्याच्या शाळेत हाच असेल. पुण्यात मुलीच्या फ्लॅटवर, न्यू जर्सीत भाच्याकडे, हाच. सगळ्यांच्या घरात एकच पत्ता, आणि कुणाचाच पत्ता उंबरठा ओलांडत नाही.

तुम्ही आत्ता बाहेर कुठेही गेलेला नाही. दहा फुटांवरच्या राउटरशी बोलताय.

हे दहा फूट जाणवू द्या.

पान उघडतं. ब्राउझर कुरकुर करेल, हे सुरक्षित नाही म्हणेल. घरातल्या घरात आहे, चालू द्या. स्टिकरवरचं नाव-पासवर्ड टाका.

हल्ली हे सगळं ॲप करून देतं. कोड स्कॅन केला की झालं. चांगली सोय आहे. पण त्या सोयीत पुढचा भाग दिसत नाही, आणि मला विचाराल तर पुढचा भागच पाहण्यासारखा आहे.

वॅन किंवा इंटरनेट असा शब्द शोधा. त्यात जोडणीचा प्रकार विचारतील. नेटवाल्याने सांगितलेला निवडा. बहुतेक पीपीपीओई. हे नाव १९९९ पासून चालत आलंय.

व्हीलॅनचा आकडा दिला असेल तर टाका, नसेल दिला तर ती चौकट मोकळी सोडा. डबा ब्रिज मोडमध्ये आहे ना, म्हणजे जोडणीचं काम राउटरवर सोडतोय ना, एवढं नेटवाल्याला आधीच विचारून ठेवा. एमटीयू १४९२ दिसेल, त्याला हात लावू नका. पुडकं पंधराशे बाइटचं असतं, त्यातले आठ या जोडणीच्या पाकिटावर खर्च होतात.

आता नेटवाल्याने दिलेला कागद उलगडा.

खिशात राहून घडीवर फाटत आलाय. त्यावर निळ्या बॉलपेनने युजरनेम आणि पासवर्ड. हे मोठं ओ आहे की शून्य? हा एक आहे की एल? कागद दिव्याकडे धरा. लिहिणाऱ्याचा हात ओळखा. वरच्या ओळीत त्याने शून्य कसं काढलंय ते पाहा, मग खालचं समजेल.

एकेक अक्षर.

बोट काचेवर. उचला. पुढचं अक्षर.

पासवर्ड लिहिताना काळी टिंबं उमटतात. तुम्ही लिहिलेलं तुम्हालाच दिसत नाही. बोटांवर विश्वास ठेवा.

झालं.

सेव्ह.

आणि आता हात मागे घ्या.

आता तुमच्याकडे करण्यासारखं काही उरलेलं नाही. राउटरवर इंटरनेटचा दिवा आहे, गोलावर आडव्या-उभ्या रेघा मारलेलं चिन्ह. तो उघडमीट करतोय.

त्याच्याकडे पाहा. दुसरीकडे कुठे जाऊ नका.

लागतो. जातो. लागतो. जातो.

पूर्वी हा वेळ ऐकू यायचा. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य माणसाला इंटरनेट खुलं केलं. पुढची कित्येक वर्षं नेट जोडताना मोडेम किंचाळायचा. आधी फोनची रिंग, मग एक लांब शीळ, मग खरखर, मग दोन खरखरी एकमेकींत मिसळून एकदम गप्प. त्या काळात सायबर कॅफेत बसलेल्यांच्या कानात तो अजून असेल. २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं आणि आवाज गेला. शून्य आणि पस्तीस हे दोन आकडे मोडेममध्ये भरून ज्यांनी रात्री जागवल्यात, त्यांना वेगळं सांगायला नको.

आवाज गेला. हाक मात्र आहे. आत्ता चाललीय.

ऐका.

तुमचा राउटर काचेच्या वाटेवर पहिला निरोप टाकतो. त्याला माहीत नाही पलीकडे कोण आहे. कुणाचं नाव त्याच्याजवळ नाही. म्हणून पत्त्याच्या जागी तो सगळ्यांसाठी असलेला पत्ता लिहितो. जो ऐकेल त्याच्यासाठी.

कुणी आहे का?

आणि थांबतो.

तुम्हीही थांबा.

उत्तर आलं नाही तर तो पुन्हा विचारतो. पण लगेच नाही. नियम असा की पहिल्यापेक्षा दुप्पट थांबायचं. तरीही नाही आलं, तर त्याच्या दुप्पट. उत्तर येत नाही तसतसं विचारणं विरळ होत जातं, ऐकणं लांबत जातं.

नियम लिहिणाऱ्यांनी हे दाटी टाळण्यासाठी केलंय, काव्य म्हणून नाही. मला माहीत आहे.

तरी त्या लांबत जाणाऱ्या थांबण्यात थोडं बसा.

कुणी आहे का?

दिवा लागतो. जातो.

पंखा.

कुणी आहे का?

पलीकडून एक यंत्र म्हणतं, मी आहे. कधी एकाहून जास्त यंत्रं म्हणतात. राउटर त्यातलं एक निवडतो आणि आता पहिल्यांदाच नाव घेऊन विचारतो: तुझ्याशी बोलू का? ते यंत्र एक क्रमांक देतं. या बोलण्यापुरता. बोलणं संपलं की हा क्रमांकही संपला.

चार निरोप. दोन जाणारे, दोन येणारे.

ते यंत्र संभाजीनगरात आहे असं धरू. सिल्लोड ते संभाजीनगर साठ-पासष्ट किलोमीटर. रस्त्याच्या लांबीएवढी काच धरली तर उजेडाला लागतो एका मिलिसेकंदाचा तिसरा हिस्सा. पापणी लवायला याच्या शेकडो पट वेळ जातो.

पापणी लववा.

तेवढ्यात निरोप फुलंब्रीवरून जाऊन परत आलाय. आणि पुन्हा गेलाय. आणि पुन्हा आलाय.

आता ओळख पटवायची. पलीकडचं यंत्र विचारतं, तू तोच कशावरून?

इथे मला नेहमी नवल वाटतं. चॅप नावाची रीत असेल, ही १९९२ पासूनची, तर तुमचा पासवर्ड घराबाहेर पडतच नाही. पलीकडचं यंत्र एक आकडा पाठवतं, आत्ताच मनाला आला तो. राउटर त्या आकड्यात पासवर्ड कालवतो, घुसळतो, आणि घुसळून जे येतं तेवढंच पाठवतो. त्यातून पासवर्ड परत वेगळा काढता येत नाही. पलीकडेही तेच घुसळलं जातं. दोन्हीकडचं सारखं निघालं की ओळख पटली.

गुपित इकडे आहे. गुपित तिकडे आहे. वाटेत कुठेच नाही.

निळ्या बॉलपेनने लिहिलेलं ते वाकडं अक्षर तुमच्या खोलीतच राहिलंय.

दिव्याकडे पाहा.

उघडमीट थांबलीय.

हिरवा. स्थिर.

लगेच उठू नका. यूट्यूब उघडून वेग मोजायला जाल. जा, पण क्षणभराने. कारण जोडणी झाली म्हणजे संपलं असं नाही. आता जे चालू होतं ते तुम्हाला कुठेच दाखवलं जात नाही.

दर काही सेकंदांनी एक छोटा निरोप जातो. त्यात मजकूर काही नाही. फक्त विचारणं: आहेस ना?

आणि उत्तर येतं: आहे.

सिनेमा चालू असो वा सगळे झोपलेले असोत. भर दुपारी खोलीत कुणी नसताना. आहेस ना? आहे. काही वेळा विचारूनही उत्तर आलं नाही, तर राउटर जोडणी संपली असं समजतो आणि पुन्हा पहिल्या हाकेपासून सुरू करतो.

या निरोपात दोन्ही बाजू एकेक आकडा घालतात. जोडणीच्या सुरुवातीला यदृच्छेने निवडलेला, प्रत्येकाचा स्वतःचा. १९९४ च्या नियमात त्याला जादूचा आकडा म्हटलंय, अगदी याच शब्दांत. त्याचं काम एकच. परत आलेल्या निरोपात आपलाच आकडा दिसला, तर ओळखायचं की पलीकडे कुणी नाही. वाट कुठे तरी वळून आपल्याशीच येऊन मिळालीय, आणि आपण इतका वेळ आपलाच आवाज ऐकतोय.

हे वाक्य पुन्हा वाचावंसं वाटलं तर वाचा.

विचारणारा आणि उत्तर देणारा वेगळे आहेत ना, हे यंत्रसुद्धा तपासून घेतं.

श्वास आत येतो.

बाहेर जातो.

छातीवर हात ठेवा. आतूनही कुणी तरी सारखं विचारतंय. तुम्ही त्याला उत्तर देताय की तुमचंच बोलणं तुमच्याकडे परत येतंय, हे आत्ता ठरवायची गरज नाही. हात तसाच राहू द्या. ठोके मोजू नका.

ऐका.

थोडा वेळ असंच.

आणि मग, सिल्लोड असल्यामुळे, लाईट जाते.

पंखा मंदावतो. पाती वेगवेगळी दिसू लागतात. थांबतो. दिवे गेले. राउटर गेला, डबा गेला. ‘गेली का?’ असं कुणी तरी शेजारून ओरडतं, जणू त्यांच्याकडे नसेल गेली. इन्व्हर्टर असलेल्या घरांच्या खिडक्या तेवढ्या उजळलेल्या.

चिडू नका. बसून राहा. तुम्ही भरलेलं नाव आणि पासवर्ड राउटरच्या पोटात जपलेलं आहे, ते पुन्हा भरावं लागणार नाही. काचेतून पलीकडचा उजेड अजून येतोच आहे, तुमच्या बंद डब्यापर्यंत. घेणारा कुणी नाही म्हणून तो यायचा थांबलेला नाही.

लाईट येते.

गल्लीतून एक सामाईक ‘आली’ उठते. पंखे कण्हत सुरू होतात, कुठल्या तरी घरात मिक्सर चालूच राहिलेला असतो तो एकदम गुरगुरतो. आणि त्या गडबडीत, मिनिटभराने, जवळजवळ एकाच वेळी, गल्लीतल्या सगळ्या घरांतले राउटर जागे होऊन काळोखात विचारू लागतात.

कुणी आहे का? कुणी आहे का? कुणी आहे का?

सगळ्यांना उत्तर मिळायला थोडा वेळ लागेल. आपापल्या पाळीने मिळेल.

तुमचा दिवा पाहत राहा.

हिरवा झाला नाही, तर दोनच गोष्टी आधी पाहा. पानावर ओळख पटली नाही असं म्हणत असेल तर अक्षर चुकलंय, किंवा बिल राहिलंय. उत्तरच येत नाही असं म्हणत असेल तर केबल, व्हीलॅन, किंवा तो ब्रिज मोड. त्यापुढे नेटवाल्याला फोन.

हिरवा झाला असेल तर मोबाईल पुन्हा हातात घ्या. एक काम उरलंय.

वायफायला नाव द्या. कारखान्याचं नाव पुसा आणि तुमचं लिहा. आडनाव, शेताचं नाव, नातवाचं, काहीही. वायफायचा पासवर्ड नवा ठेवा. राउटरच्या पानाचाही बदला, स्टिकरवरचा तसाच ठेवू नका. हे दोन्ही कागदावर लिहा, मोठ्या अक्षरांत, शून्याच्या पोटात तिरपी रेघ मारून.

एवढ्यात आतल्या खोलीतून विचारणा येईलच: ‘बाबा, पासवर्ड काय टाकलाय?’

उठून जा. एकेक अक्षर सावकाश सांगा. कागद मात्र राउटरखाली सरकवून ठेवू नका, पाहुणे सगळ्यात आधी तिथेच बघतात.